एक्केचाळीस व्हॉइस मेसेज

९ नोव्हेंबर, रविवार

एक्केचाळिसावा मेसेज सकाळी पाठवला आणि सुटलो. येझदी मोटरसायकलचं इंजिन उघडण्यापासून ते नव्या बोअरवर, म्हणजे सिलिंडर आतून नव्यानं कापून घेतल्यावर, पहिले पाचशे किलोमीटर गाडी कशी चालवायची, इथपर्यंत सगळं बोलून झालं. तीन महिने लागले. ग्रुपचं नाव ‘जुनं ते चालतं, नाशिक’, माणसं दोनशे बारा. त्यातल्या साठ-सत्तर जणांनी नुसते अंगठे पाठवले. पूर्वी ज्याला सही येत नसे तो अंगठा द्यायचा, आता डॉक्टर-इंजिनिअर देतात. ‘काका, ऐकलं’ एवढं लिहायला काय बोटं झिजतात?

गेणू उस्तादांची आठवण झाली. मनमाडला दोन वर्षं त्यांच्या हाताखाली होतो. इंजिनचं टायमिंग लावायची वेळ आली की मला चहा आणायला पिटाळायचे. मी किटली हातात धरून दाराच्या फटीतून बघायचो. माझी अर्धी विद्या अशी चोरलेली आहे. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात चौतीस वर्षं फिटर होतो, पण गाड्यांचा नाद सुटला नाही तो त्या फटीपासून. तेव्हाच ठरवलं होतं, आपल्याला जे कळेल ते सगळ्यांना सांगायचं, काही म्हणजे काही राखून ठेवायचं नाही. आज तो शब्द पुरा झाला.

विमलचं वेगळंच. म्हणते, ‘मेसेज संपले ना? आता तरी चादरी काळ्या होणार नाहीत.’ मांडीवर इंजिनचा एखादा जुना ब्लॉक असल्याशिवाय आणि हात चालू असल्याशिवाय मला बोलता येत नाही, त्याला मी काय करू. बायको दोन चादरींचा हिशेब काढते आणि नवरा विद्यादान करतोय हे दिसत नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

धनराज पिंगळेचा फोन. हा आमच्या ग्रुपचा ॲडमिन, दिंडोरीचा द्राक्षवाला. याच्याकडे सात जुन्या गाड्या आणि एकही स्वतः उघडलेली नाही. मेसेजचं पुस्तक काढायचं, चौदा डिसेंबरला त्याच्या मळ्यात सगळे जमतील तेव्हा वाटायचं, असं ठरलंय. वर माझं नाव. मी फोनवर फक्त ‘बरं’ म्हणालो, पण ठेवल्यावर दोनदा घरात फेऱ्या मारल्या. नोकरीत हात माझे आणि कागदावर सही साहेबांची. ती रीतच होती, तक्रार नाही. पण छापलेलं नाव ही वेगळी गोष्ट आहे. मी तसा हपापलेला माणूस नाही.

टाइप करायचं काम प्रफुल्ल दोंदेनं घेतलंय. नाशिकच्या ‘उपनगर’ भागात राहतो, आपल्याच समाजातला, जिल्हा परिषदेत कारकून. संध्याकाळी येऊन कागद दाखवून गेला. मेसेज ऐकून ऐकून लिहिलेत. म्हणाला, एक शब्द बदलला नाही काका, खोकलात तेवढा सोडला. कारकून माणूस, नक्कल बरोबर करतो. स्वतःची येझदीही तो आता या कागदांबरहुकूम बांधणार आहे, म्हणजे पुस्तकाची परीक्षा होईल. परीक्षा कसली? म्हटलं बांध बाबा.

इथे असतानाच धनराजशी फोनवर मुखपृष्ठावरून प्रफुल्लचं काहीतरी वाजलं. ओट्यावर जाऊन हळू आवाजात बोलत होता, ‘नाही, तेवढं राहिलंच पाहिजे’ एवढं ऐकू आलं. रंगाबिंगावरून असेल. या पोरांना भांडायला काहीही पुरतं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

प्रफुल्लची गाडी दुसऱ्या किकला लागली. व्हिडिओ पाठवला त्यानं. आवाज ऐकला, स्वच्छ आहे. ग्रुपवर त्याचं अभिनंदन चाललंय. अरे, विद्या कुणाची?

२४ नोव्हेंबर, सोमवार

झोपायच्या आधी लिहून ठेवतो.

काल प्रफुल्ल बायकोला मागे बसवून येझदीवर सासरी निघाला होता, मनमाडला. वडाळीभोईच्या पुढे इंजिन आतून जाम होऊन सीझ झालं, मागचं चाक जागीच अडकलं आणि दोघं पडले. आज त्यानं ग्रुपवर पिस्टनचा फोटो टाकला. रिंग तुटलेली, पिस्टनवर ओरखडे. खाली लिहिलं, ‘आम्ही ठीक आहोत, अंजलीच्या हाताला लागलंय. काकांनी सांगितलं तसंच सगळं केलं होतं. काका, काही सांगायचं राहून गेलंय का?’

सांगायचं राहून गेलंय! मला! ज्यानं तीन महिने घसा कोरडा केला त्याला! आणि तेवढ्यात ग्रुपमधला एक गंगापूर रोडचा दंतवैद्य टपकला. त्याचा मेसेज जसाच्या तसा उतरवतो, म्हणजे विसरणार नाही: ‘मिस्त्री लोक शेवटची एक गोष्ट राखूनच ठेवतात. धंद्याची रीत आहे.’ पुढे हसरा चेहरा.

एरवी काका, काका. गाडी सुरू झाली की काका, बंद पडली की मिस्त्री.

मग मीही लिहिलं. दंतवैद्याला नाही, प्रफुल्लला लिहिलं, कारण प्रश्न त्यानं काढला होता. लिहिलं की भिकन पगारे काही राखून ठेवत नाही. ज्याला पेन धरायची सवय त्यानं पाना धरू नये. ऑइल कमी घातलं असेल, नाहीतर बायकोसमोर ऐट म्हणून गाडी पिळली असेल, आणि आता खापर म्हाताऱ्याच्या डोक्यावर. विद्या ऐकून येत नाही, हाताला वळण लागतं, ते ज्याच्या त्याच्या नशिबात.

पाठवल्यावर अंगठ्यांचा पाऊस पडला. या वेळी अंगठे बरे वाटले.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

‘प्रफुल्ल दोंदे ग्रुपमधून बाहेर पडले.’ सकाळी सहा वाजून दहा मिनिटं.

गेला तर गेला. चूक कबूल करायला छाती लागते. धनराजनं फोन करून माझीच बाजू घेतली. म्हणाला, ‘काका, तुम्ही लय मनाला लावून घेऊ नका. नवी माणसं अशीच असतेत.’ पुस्तकाची फाइल प्रफुल्लनं आधीच प्रेसला दिली आहे, ते बरं झालं.

२९ नोव्हेंबर, शनिवार

विमल परस्पर अंजलीकडे जाऊन आली. आल्यापासून भांडी आपटतेय. शेवटी मीच विचारलं तर म्हणते, मनगटाचं हाड मोडलंय, प्लास्टर आहे कोपरापर्यंत, सहा आठवडे. ती शिवणकाम करते, ते बंद.

प्लास्टर! कुणी मला सांगितलं होतं? फोटोत होतं? ‘लागलंय’ म्हणजे खरचटलंय असंच कुणीही धरून चालेल. मी तसं म्हणालो तर विमल म्हणाली, ‘तुम्ही विचारलंत कधी? पिस्टनचा फोटो मोठा करून करून बघत होतात.’

सगळ्या जगाला मीच सापडतो. आता एकच उपाय आहे. तो ब्लॉक मला बघू द्या. पाच मिनिटांत चूक काढून दाखवतो, मग बोला. विमलकरवी निरोप पाठवला.

२ डिसेंबर, मंगळवार

प्रफुल्ल आला. ‘जयभीम काका’ म्हणाला, ब्लॉक आणि पिस्टन कापडी पिशवीतून काढून समोर ठेवले, शेजारी एक वही ठेवली आणि उभाच राहिला. बस म्हटलं तरी बसला नाही. वागण्यात ताठा केवढा.

आधी वही बघितली. कारकुनानं कारकुनासारखं लिहून ठेवलंय. कधी किती पेट्रोल, किती ऑइल, किती किलोमीटर, दर दहा किलोमीटरला थांबून इंजिन गार केल्याची वेळ. चाळिसाच्या वर वेग कुठेच नाही. वहीत काहीही लिहिता येतं, असं मी मनात म्हटलं. मग पिस्टन आणि बोअरमधलं अंतर मोजलं, बरोबर. उरलेली रिंग बोअरमध्ये घालून तिच्या तोंडाची फट मोजली, बरोबर. ऑइल कमी पडल्याची खूण कुठेही नाही. मला घाम फुटायला लागला, तो रागाचा असावा.

मग ब्लॉकच्या आत बोट घालून फिरवलं. आत खिडक्या असतात, पोर्ट म्हणतात त्यांना. त्यातून पेट्रोलचा वायू येतो आणि जळलेला धूर बाहेर जातो. बोट तिथे गेलं आणि कापलं. चांगलं रक्त आलं. बोअर मारताना खिडकीच्या कडेला पात्यासारखी धार राहते, ती दगडानं घासून मोडायची असते, नाहीतर वर-खाली जाताना पिस्टनची रिंग तिच्यात अडकते आणि तुटते. हे शेंबडं पोरही जाणतं.

सापडली चूक! मी जवळजवळ ओरडलोच. ‘ही धार कोण मोडणार होतं? हे साधं तुला कळलं नाही?’

प्रफुल्लनं बोटाच्या रक्ताकडे बघितलं. मग शांतपणे विचारलं, ‘कितव्या मेसेजमध्ये आहे, काका?’

मी म्हटलं, असेल की. एकोणीस नाहीतर वीस. ब्लॉकचे मेसेज तेच आहेत. तो म्हणाला, ‘मी एकेक चार वेळा ऐकलाय.’ आणि ब्लॉक तिथेच ठेवून निघून गेला. चहा न घेता. घरी आलेला माणूस चहा न घेता जातो, ही कुठली पद्धत?

३ डिसेंबर, बुधवार

दुपारभर बसून एक्केचाळीसच्या एक्केचाळीस मेसेज ऐकले. त्याला पुरावा दाखवायचा म्हणून बसलो होतो. स्वतःचाच आवाज तीन तास ऐकणं ही शिक्षा आहे. माणूस किती ‘समजा’, ‘समजा’ म्हणतो.

एकोणिसावा मेसेज ब्लॉकचाच आहे. बोअर कसा तपासायचा, धुवायचा कसा, पुसायचा कशानं, सगळं आहे. धार मोडायचं नाही. विसाव्यात नाही. मग वाटलं रिंगांच्या मेसेजमध्ये असेल. नाही. पुन्हा एकोणिसावा लावला, आवाज मोठा केला, आणि मागे काहीतरी खरखरतंय असं वाटलं. आधी वाटलं फोन बिघडला. मग ओळखलं. दगड घासल्याचा आवाज आहे. चार घास, थांबा, चार घास. मी ‘समजा, ब्लॉक स्वच्छ झाला, आता पिस्टन घ्या’ असं सांगतोय आणि सांगता सांगता माझा हात मांडीवरच्या ब्लॉकची धार मोडतोय. साडेसहा मिनिटांच्या मेसेजमध्ये साडेसहा मिनिटं.

विमल काळ्या चादरींचं बोलत होती ती हीच पूड.

चाळीस वर्षं हे काम करतोय आणि हे काम आहे हेच मला माहीत नव्हतं. ब्लॉक हातात आला की हात दगड शोधतो, मला कळतसुद्धा नाही. मग मी सांगणार कसं? पण हे मी कुणाला सांगू? दंतवैद्याला?

प्रचंड राग आला आहे. कुणाचा ते लिहवत नाही. अंजलीचं हाड मी मोडलं.

४ डिसेंबर, गुरुवार

धनराजला फोन केला, म्हटलं पुस्तक थांबव. म्हणतो, तीनशे प्रती काल आल्या, मळ्यातल्या खोलीत ठेवल्यात. सगळं सांगितलं. तो म्हणाला, यात एवढं काय हाय, एक चिठ्ठी छापू आणि आत चिकटवू. ‘मुद्रणदोष’ असं वर लिहू म्हणजे तुमच्याकडे बोट जाणार नाही.

मुद्रणदोष! म्हणजे टाइप करणाऱ्याची चूक. म्हणजे परत प्रफुल्लच. मी तसं म्हणालो तर म्हणतो, तो तर ग्रुपमध्येच नाय, त्याला काय फरक पडणारे. आणि पुढे जे बोलला त्यानं माझं डोकंच फिरलं. म्हणाला, ‘तसं वर तुमचं नाव टाकायचा हट्ट त्याचाच होता. मी म्हणत होतो ग्रुपचं नाव पुरे. तर तो म्हणे, नाव नसेल तर फाइल देत नाय.’

हे मला कुणीही सांगितलं नव्हतं. ज्यानं सांगायला हवं होतं त्यानंही नाही. माणसानं असं गुपचूप उपकार करून ठेवावेत आणि समोरच्यानं त्याला चारचौघांत शिव्या घालाव्यात, यात शोभा कुणाची झाली?

धनराजला बजावलं, चिठ्ठी नाही आणि एक प्रतही बाहेर जाणार नाही. तो म्हणाला, ‘काका, मग चौदा तारखेला लोकांना काय देऊ?’ जेवण दे म्हटलं.

६ डिसेंबर, शनिवार

सकाळी विहारात जाऊन आलो. आज बाबासाहेबांचा दिवस, वंदनेला मन लागायला हवं होतं, लागलं नाही. तिथूनच प्रफुल्लच्या घरी गेलो. दार अंजलीनं उघडलं. डावा हात प्लास्टरमध्ये, उजव्या हातानं कडी काढायला वेळ लागला. मागे शिलाई मशीन कापडानं झाकलेलं.

प्रफुल्ल घरात होता. मी सगळं सांगितलं. एकोणिसाव्या मेसेजचं, खरखरीचं. माझी चूक झाली, असं दोनदा म्हणालो. एवढं कुणाला म्हटल्याचं मला आठवत नाही. तो खाली मान घालून ऐकत होता, ‘जाऊ द्या काका’ म्हणण्याच्या बेतात होता, माझ्या मनात हायसं वाटायला सुरुवातही झाली होती.

अंजली म्हणाली, ‘काका, बोललात दोनशे लोकांसमोर. माफी चार भिंतीत का?’

आवाज चढवला नाही तिनं. पाणी दिलं, उजव्या हातानं.

रस्ताभर मी तिच्यावर चिडत आलो. केवढी जीभ. वयाचा काही मान. बिटको चौकापर्यंत चिडलो, पुढे चिडायला काही सापडेना.

७ डिसेंबर, रविवार

बोललो नाही, लिहिलं. बोलायला गेलो तर हात परत काहीतरी करत बसेल आणि तोंड भलतंच सांगेल. चार वेळा खोडलं. पाठवलं ते असं:

‘प्रफुल्ल दोंदे यांनी गाडी माझ्या सांगण्याबरहुकूम बांधली आणि वापरली. वही मी तपासली आहे, त्यांची कुठेही चूक नाही. खिडक्यांची धार मोडायची असते हे मी सांगितलं नाही. ते मी करतो हे मलाच माहीत नव्हतं. त्यामुळे त्यांचं इंजिन गेलं आणि अंजलीताईंचं मनगट मोडलं. पेन धरणाऱ्यानं पाना धरू नये असं मी लिहिलं होतं. ते मी मागे घेतो. ज्यांनी माझे मेसेज ऐकून बोअर मारलाय त्यांनी गाडी सुरू करू नये, आधी मला फोन करावा. भिकन पगारे.’

 आधी एक अंगठा, मग तीन. मग दंतवैद्य: ‘म्हटलं होतं ना, शेवटचं राखतातच.’

रक्त उसळलं. उत्तर टाइप केलं, पुसलं. मी राखलं नव्हतं हे खरं आहे आणि प्रफुल्लला मिळालं नव्हतं हेही खरं आहे.  गेणू उस्तादांना मी आयुष्यभर विद्या दडवणारा म्हणत आलो. ते निदान चहाला पिटाळून करायचे, समोरच्याला कळायचं तरी की इथे काहीतरी आहे.

संध्याकाळपर्यंत पाच फोन आले. त्यातला नांदूर नाक्याचा सहादू म्हणाला, उद्या सकाळी पहिली किक मारणार होतो. त्याला म्हटलं, ब्लॉक उतरव आणि घेऊन ये. लगेच.

१४ डिसेंबर, रविवार

मळ्यात गेलो नाही. तिथे जेवण झालं असेल. पुस्तकं फवारणीच्या पिंपांशेजारी पडून आहेत म्हणे. त्यातली एक प्रत धनराजनं माणसाबरोबर पाठवली, नाव बघा म्हणून. बघितलं. ठसठशीत छापलंय. विमलनं प्रत पुसून कपाटात ठेवली.

चारच्या सुमारास प्रफुल्ल आला. लॅपटॉप काढला आणि म्हणाला, ‘धार किती मोडायची? मापात सांगा.’

तोंडात ‘जरा’ आलं होतं, ते गिळलं. म्हटलं, मला माहीत नाही. थांब, मोजू. माझा जुना ब्लॉक मांडीवर घेतला, दगड घेतला, हाताला चालू दिलं आणि हात आपोआप थांबला तिथे थांबलो. प्रफुल्लनं मोजलं. खिडकीच्या वरच्या-खालच्या कडेला एक मिलिमीटर, बाजूंना अर्धा. पुन्हा दुसऱ्या ब्लॉकवर केलं. तेच आलं. त्यानं टाइप केलं, मला वाचून दाखवलं, मी हो म्हटलं. मग त्यानं मला पहिल्यापासून प्रत्येक काम करायला लावलं, न बोलता, आणि तो बघून लिहीत गेला. आठव्या पानापर्यंत आलो. तेवढ्यात सांगायच्या राहिलेल्या आणखी दोन गोष्टी निघाल्या. माझा संताप होत होता, तरी सांगितल्या.

विमलनं चहा आणला, त्यानं घेतला.

मी म्हटलं, पुढच्या रविवारी तुझी येझदी इकडे आण. नवी रिंग, नवा पिस्टन, ब्लॉक मी करून देतो, माझ्या हातानं. मनमाडला तुम्ही दोघं त्याच गाडीवर जाल.

तो लॅपटॉपकडेच बघत म्हणाला, ‘गाडी विकली काका, ब्लॉकशिवाय, आहे तशी. गुरुवारी नेली घेणाऱ्यानं. अंजली आता कुठल्याच गाडीवर मागे बसत नाही.’

मग हे सगळं तू कशासाठी लिहितोयस, असं मी विचारलं. जरा रागानंच विचारलं.

म्हणाला, ‘सहादूसाठी. नववं पान घेऊ का?’